डाळ भारी की पालेभाजी? घरच्या वाटीवर पोषणाची तुलना कशी करायची

मेथीत हरभऱ्यापेक्षा जास्त प्रथिनं, पालकात डाळीपेक्षा जास्त प्रथिनं, शेवग्याच्या पावडरीत दुधाच्या सतरापट कॅल्शियम. मोबाइलवर फिरणारे असले आकडे सगळेच खोटे नसतात, पण ते ज्या वजनावर बेतलेले असतात ते वजन कोणाच्या ताटात कधी येत नाही. वाळलेल्या डाळीत शंभरात दहा भाग पाणी, तर ताज्या पाल्यात पंच्याऐंशी ते नव्वद भाग. या दोन गोष्टी नुसत्या शंभर-शंभर ग्रॅम घेऊन शेजारी मांडल्या की निकाल मांडणाऱ्याच्या मर्जीने लागतो.

घरात कुणाचं रक्त कमी भरलंय, बाळंतिणीचा आहार ठरवायचाय, मेसचा किंवा बचत गटाचा आठवड्याचा बेत लावायचाय आणि हा हिशेब पहिल्यांदाच करताय, अशांसाठी हा लेख आहे. शाळेतलं गुणाकार-भागाकाराचं गणित पुरेसं आहे.

सुरू करण्याआधी शब्दांचा एक घोळ मिटवून घ्या. कडधान्य म्हणजे पूर्ण पिकून वाळलेला दाणा: हरभरा, मटकी, मूग, तूर, उडीद, चवळी, कुळीथ. गवार, घेवडा, चवळीच्या कोवळ्या शेंगा याही त्याच कुळातल्या, पण ताटात त्या भाजीच. त्यांच्या १०० ग्रॅममध्ये साधारण अडीच ते साडेतीन ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे मेथीच्या आसपास. तुरीचे सोले, ढाळ्याचा ओला हरभरा, मटार हे मधल्या घरातले: पाणी पाल्यापेक्षा कमी, डाळीपेक्षा कितीतरी जास्त. ‘शेंगावर्गीय भाज्यांत भरपूर प्रथिनं’ असं कुठे वाचलं तर पहिला प्रश्न हा विचारा की वाळलेला दाणा म्हणताय की हिरवी शेंग.

लागणाऱ्या वस्तू

- एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा
- रोजच्या जेवणातली वाटी. तिच्यात पाणी किती मिलिलिटर मावतं ते एकदा मोजून लिहून ठेवा (बहुतेक वाट्या १५० च्या आसपास असतात)
- हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०१७ चा भारतीय अन्नघटक तक्ता
- वही आणि कॅल्क्युलेटर
- रक्त तपासलेलं असेल तर तो कागद

१. प्रश्न एकच धरा

‘जास्त पौष्टिक काय?’ याला उत्तर नाही. प्रथिनं, लोह, कॅल्शियम, तंतू, अ जीवनसत्त्व, क जीवनसत्त्व, फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व) यातलं एक निवडा. काही बाबतींत तर मोजायचीही गरज पडत नाही. वाळलेल्या डाळीत क जीवनसत्त्व जवळपास नसतं आणि अ जीवनसत्त्वाचा कच्चा माल असलेलं कॅरोटीन नगण्य असतं, तिथे पालेभाजी बिनविरोध निवडून येते. प्रथिनांत डाळ. आणि बी-१२ दोघींतही नाही. ते दूध, दही, ताक, अंडी, मांस-मासळी यांतूनच यायचं. निव्वळ शाकाहारी घरात ‘आम्ही भरपूर पालेभाजी खातो’ म्हणून बी-१२ ची चिंता सोडून दिलेली दिसते, ती सोडू नका.

खरी चुरस लोह, कॅल्शियम, तंतू आणि फोलेट या चार ठिकाणी आहे. वही त्यांच्यासाठी उघडायची.

२. तक्ता बघताना तीन गोष्टी तपासा

पहिली: आकडा कच्च्या वजनाचा आहे की शिजवलेल्या. परदेशी संकेतस्थळांवर ‘शिजवलेला राजमा’ आणि ‘कच्चा पालक’ शेजारी शेजारी दिलेले असतात. शिजताना कडधान्य पाणी पिऊन दुपटी-अडीचपटीने जड होतं, म्हणजे त्याचा १०० ग्रॅमचा आकडा आपोआप निम्म्याखाली येतो. पाला मात्र शिजताना आक्रसतो. एक शिजवलेलं आणि एक कच्चं धरलं की तुलना तिथेच बिघडली.

दुसरी: तक्ता कोणत्या सालचा. पालेभाज्यांच्या लोहाचे जुने आकडे फार फुगलेले होते. पालकाला १०० ग्रॅममागे १० मिलिग्रॅमच्या वर लोह जुन्या तक्त्यांत सापडतं, २०१७ च्या तक्त्यात ते सुमारे ३ आहे. पानाला चिकटलेली मातीसुद्धा प्रयोगशाळेत लोह म्हणून मोजली जाते, आकडे फुगण्याचं ते एक मोठं कारण. आपल्याकडची काळी माती पानावर कशी बसते ते मेथी धुणाऱ्याला सांगायला नको. शाळेच्या भिंतीवरचे तक्ते आणि जुनी आहारपुस्तकं अजून तेच आकडे वापरतात.

तिसरी: आकडा खाण्याजोग्या भागाचा असतो, जुडीचा नव्हे.

३. जुडी निवडून मग तोला

बाजारातली मेथीची जुडी आणली, मुळं-देठं काढली, पिवळी पानं वेगळी केली की हातात बऱ्याचदा निम्मंच उरतं. शेपूची देठं कोवळी असतील तर कमी जातं, राजगिऱ्याची जून असतील तर जास्त. म्हणून अंदाज न करता एकदा तोलाच: जुडी आणल्याचं वजन, निवडल्यानंतरचं वजन. दोन-तीन जुड्यांत तुमच्या बाजाराची सरासरी कळते.

डाळीचं उलट. कच्ची डाळ तोला, शिजवा, आणि ३० ग्रॅम डाळीचं तुमच्या घरी किती वरण होतं ते वाटीने मोजा. घट्ट वरण करणाऱ्या घरी एक वाटी, पातळ करणाऱ्याकडे दोन. ‘रोज दोन वाट्या वरण खातो’ म्हणणाऱ्याच्या पोटात कधी ६० ग्रॅम डाळ असते, कधी जेमतेम ३०. मेसच्या वरणाबद्दल तर बोलायलाच नको. वाटी फसवते. कच्चं वजन फसवत नाही.

४. वाटीला वाटी लावा

एका माणसाच्या एका जेवणाला कडधान्य किंवा डाळ कच्ची ३० ग्रॅम, पालेभाजी निवडलेली १०० ग्रॅम हे माप धरा. १०० ग्रॅम मेथी शिजून अर्धी-पाऊण वाटी होते, म्हणजे खाण्यासारखी आहे. शेवग्याचा पाला ५० ग्रॅमच धरलाय, त्याहून जास्त एका बैठकीत सहसा खाल्ला जात नाही. २०१७ च्या तक्त्यावरून काढलेले हे आकडे, थोडे गोळाबेरीज करून:

| पदार्थ (कच्चं वजन) | ऊर्जा (किलोकॅलरी) | प्रथिनं (ग्रॅम) | तंतू (ग्रॅम) | लोह (मिग्रॅ) | कॅल्शियम (मिग्रॅ) |
|---|---|---|---|---|---|
| हरभरा, ३० ग्रॅम | ८६ | ५.६ | ७.६ | २.० | ४५ |
| मटकी, ३० ग्रॅम | ८७ | ५.९ | ४.५ | २.४ | ४६ |
| तूरडाळ, ३० ग्रॅम | ९९ | ६.५ | २.७ | १.२ | २२ |
| मूगडाळ, ३० ग्रॅम | ९८ | ७.२ | २.८ | १.२ | १३ |
| मेथी, १०० ग्रॅम | ३४ | ३.७ | ४.९ | ५.७ | २७४ |
| पालक, १०० ग्रॅम | २४ | २.१ | २.४ | ३.० | ८२ |
| हिरवा माठ, १०० ग्रॅम | ३१ | ३.३ | ४.४ | ४.६ | ३३० |
| शेवग्याचा पाला, ५० ग्रॅम | ३४ | ३.२ | ४.१ | २.३ | १५७ |

आधी डाळी आणि अख्खी कडधान्यं यांच्यातला फरक बघा. टरफल गेलं की तंतू आणि कॅल्शियमचा मोठा हिस्सा त्याच्यासोबत जातो. ‘कडधान्य की पालेभाजी’ या वादाआधी घरातला ‘डाळ की उसळ’ हा प्रश्न सोडवलात तरी बरंच साधतं. हरभऱ्याच्या एका वाटीत मेथीच्या भाजीपेक्षाही जास्त तंतू आहे, आणि पालेभाजी म्हणजेच चोथा असं मानणाऱ्यांना हे खरं वाटत नाही.

पालेभाज्याही एकसारख्या नाहीत. पालक सगळ्यांत नावाजलेला आणि या चौघांत बहुतेक बाबतींत सगळ्यांत हलका. मेथी आणि माठ त्याच्या कितीतरी पुढे. आपल्याकडे करडईची कोवळी भाजी, हरभऱ्याचे खुडलेले शेंडे, तांदुळजा, घोळ, चाकवत असताना पालकासाठी अडून बसायचं कारण नाही.

आता सुरुवातीच्या त्या फिरत्या आकड्यांचा उलगडा.

‘मेथीत हरभऱ्यापेक्षा जास्त प्रथिनं’ हे पाणी पूर्ण काढून टाकलं तर खरं आहे. मेथीच्या कोरड्या भागात शंभराला साधारण २७-२८ ग्रॅम प्रथिनं निघतात, हरभऱ्याच्या कोरड्या भागात २०-२१. पण हरभऱ्याच्या एका वाटीइतकी, म्हणजे साडेपाच ग्रॅम प्रथिनं मेथीतून मिळवायला दीडशे ग्रॅम निवडलेली पानं एकट्याने खावी लागतात.

‘पालकात डाळीपेक्षा जास्त प्रथिनं’ हे कॅलरीमागे मोजलेलं असतं. १०० किलोकॅलरीच्या पालकात सुमारे ९ ग्रॅम, तूरडाळीत साडेसहा. हिशेब बरोबर आहे, फक्त १०० किलोकॅलरी म्हणजे चारशे ग्रॅमच्या वर पालक.

शेवग्याच्या पावडरीच्या जाहिरातीत १०० ग्रॅम पावडर आणि १०० ग्रॅम दूध समोरासमोर ठेवतात. पावडर घेतो आपण चमचाभर, म्हणजे चार-पाच ग्रॅम, त्यातून १०० मिलिग्रॅमच्या आत-बाहेर कॅल्शियम. दूध पितो पेलाभर, २०० मिलिलिटर, त्यातून २४० च्या आसपास. पावडर वाईट नाही, तुलना लबाड आहे. ज्यांच्या परसात शेवगा उभा आहे त्यांनी तर ती विकत घेऊच नये.

५. दिवसाच्या गरजेशी ताडून बघा

नुसते आकडे बघून उपयोग नाही, भोक केवढं आणि ठिगळ केवढं ते कळायला हवं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५५ किलो वजनाच्या प्रौढ स्त्रीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं, २९ मिलिग्रॅम लोह आणि १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम प्रथिनं, १९ मिलिग्रॅम लोह आणि कॅल्शियम तेवढंच.

एक साधा दिवस मांडू: दोन वेळा मिळून ६० ग्रॅम तूरडाळ, १०० ग्रॅम मेथी, २०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी, २५ ग्रॅम शेंगदाण्याचा कूट, २०० मिलिलिटर दूध.

प्रथिनं: डाळ १३, मेथी ३.७, भाकरी २०, कूट ६, दूध साडेसहा. एकूण ४९. स्त्रीची गरज भागली. सगळ्यांत मोठा वाटा भाकरीचा आहे, डाळीचा नव्हे. पण ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी पडतं आणि ते डाळीत भरपूर असतं, म्हणून भाकरीची प्रथिनं पुरी कामी यायला डाळ लागतेच. मेथी वगळली तरी प्रथिनांत फार बिघडत नाही.

कॅल्शियम: डाळ ४४, मेथी २७४, भाकरी ५५, दूध २४०, कूट किरकोळ. सहाशेच्या थोडं वर. इथे मेथी वगळून बघा, आकडा साडेतीनशेपर्यंत घसरतो.

लोह: डाळ २.४, मेथी ५.७, भाकरी ८, कूट १. एकूण १७, गरज २९. मेथी रोज खाल्ली तरी खड्डा मोठाच राहतो. हिमोग्लोबिन उतरलेल्या मुलीला किंवा गरोदर बाईला ‘पालक खा, बीट खा’ सांगून भागत नाही ते याच कारणाने. प्राथमिक आरोग्य केंद्रात लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या मोफत मिळतात. त्या डॉक्टर सांगतील तशा घ्यायच्या आणि जेवण त्याच्या जोडीला सुधारायचं.

६. कागदावरचं किती आणि अंगी लागतं किती

बहुतेकांची तुलना वरच्या पायरीवर थांबते, पण फसगत खरी इथे होते.

शाकाहारी जेवणातल्या लोहापैकी साधारण दहा टक्क्यांच्या आतच शरीर उचलतं. कडधान्यांत आणि ज्वारीत फायटेट असतं, ते लोह आणि जस्त धरून ठेवतं. काही पालेभाज्यांत ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला धरतं. पालकातलं कॅल्शियम सुमारे ५ टक्केच शोषलं जातं, दुधातलं ३० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पालकाच्या ८२ मिलिग्रॅममधून हाती लागतात चारच. माठ, राजगिरा, चुका यांतही ऑक्झलेट बरंच, त्यामुळे वरच्या तक्त्यातला माठाचा ३३० हा भरघोस आकडा जसाच्या तसा धरू नका. मेथीत ऑक्झलेट कमी असतं. कॅल्शियमसाठी पाला निवडायचा तर मेथी आधी, पालक शेवटी.

लोह सुटं करायचं तर त्याच घासासोबत क जीवनसत्त्व हवं. लिंबू पिळणं चांगलं, पण अर्ध्या लिंबातून दहा मिलिग्रॅमही क जीवनसत्त्व येत नाही. पाव पेरूतून ते पन्नासच्या आसपास येतं. हिवाळ्यात जेवताना पेरूची फोड, एरवी कच्चा कांदा-टोमॅटो किंवा घोळाणा. कोवळी मेथी किंवा कांद्याची पात बारीक चिरून मीठ, तिखट, शेंगदाण्याचा कूट आणि कच्चं तेल घालून भाकरीशी खायचा हा प्रकार पोषणाच्या हिशेबातही बाजी मारतो: क जीवनसत्त्व शिजून जात नाही, आणि तेल असल्यामुळे कॅरोटीन शोषलं जातं. ‘बिनतेलाची उकडलेली भाजी’ हे आहाराचं खूळ डोक्यात असेल तर काढून टाका. चमचाभर तेलाची फोडणी नसेल तर पाल्यातलं कॅरोटीन बरंचसं वाया जातं.

जेवण झाल्या झाल्या चहा घेऊ नका. त्यातले टॅनिन लोह अडवतात. आधी-नंतर तासाभराचं अंतर ठेवा.

७. शिजवताना काय कमावता, काय गमावता

*उसळ.* मटकी किंवा मूग ८ ते १० तास भिजवा, पाणी ओतून द्या (पोटात वायू धरवणाऱ्या शर्करा त्यात उतरलेल्या असतात), ओल्या फडक्यात बांधा. हिवाळ्यात मोड यायला पूर्ण दिवस लागतो, एप्रिल-मेमध्ये ८-१० तासांत काम होतं आणि त्यापुढे ठेवलं की बुळबुळीत होऊन वास सुटतो. उन्हाळ्यात मधे एकदा धुऊन पुन्हा बांधा. मोड आल्याने फायटेट घटतं आणि थोडं क जीवनसत्त्व तयार होतं. प्रथिनं मात्र वाढत नाहीत. उलट पाणी शिरल्यामुळे १०० ग्रॅम मोडाच्या मटकीत ती निम्म्याखाली दिसतात, आणि तेही नुकसान नव्हे. मूळ ३० ग्रॅम मटकीत होती तेवढीच ती आहेत. गरोदर बाईला आणि लहान मुलांना कच्चे मोड देऊ नका, वाफवूनच द्या: मोड येण्याच्या उबेत जंतूही वाढतात.

*वरण.* बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही ही मराठवाड्यात घरोघरची तक्रार आहे. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम दाण्याच्या भिंती घट्ट करतं. त्यावर चिमूटभर सोडा टाकायची सवय आहे, पण सोड्याने बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. त्याऐवजी डाळ अर्धा-पाऊण तास, अख्खं कडधान्य रात्रभर भिजवा, भिजवायला आणि शिजवायला शक्य तर फिल्टरचं पाणी घ्या, भिजवण्याच्या पाण्यात थोडं मीठ टाका आणि कुकर वापरा. दोन-तीन वर्षं पडून राहिलेला हरभरा मात्र कशानेच नीट शिजत नाही.

*डाळ घालून पालेभाजी.* चुका, अंबाडी, चिंच, टोमॅटो काहीही आंबट डाळीसोबत कच्चं कुकरला लावू नका. आंबटपणात डाळ टणक राहते. डाळ आधी मऊ शिजवा, चुका वेगळा परतून मग मिसळा. चुका-डाळ ‘बसत नाही’, पाणी वेगळं आणि दाणे वेगळे राहतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

*नुसती पालेभाजी.* चिरण्याआधी धुवा, तीन पाण्यांतून, माती खाली बसू देऊन. चिरून धुतलं की क जीवनसत्त्व आणि फोलेट पाण्यासोबत मोरीत. वरून पाणी घालू नका, पानांच्या अंगचं पाणी पुरतं. पाच-सात मिनिटांत उतरवा. लोखंडी कढई असेल तर काढा, आंबट भाजीत तिचं थोडं लोह उतरतं. भाजी मात्र तिच्यातच ठेवून देऊ नका, काळी पडते आणि धातूची चव येते.

अंबाडी उकडून पाणी टाकतात, त्यात जीवनसत्त्वांचा तोटा आहे हे खरं, पण न टाकता ती कुणाला खाववत नाही. त्या दिवशी कच्चं काहीतरी ताटात ठेवा म्हणजे झालं.

*सोयाबीन.* आपल्या शिवारात सगळीकडे तेच, म्हणून घरचं सोयाबीन थेट दळणात टाकणारे आहेत. कच्च्या सोयाबीनमधले घटक प्रथिनांचं पचनच अडवतात. उकळत्या पाण्यात २५-३० मिनिटं उकळा, खडखडीत वाळवा, मगच दळणात घाला, तेही दहा किलोत एक किलोपर्यंत.

डाळ आणि पाला एकाच भांड्यात आणण्याची युक्ती शोधायला लांब जायला नको. लातूर-धाराशिवकडे येळवशीला (वेळ अमावस्येला) शेतात जी भज्जी होते तिच्यात तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे, पालेभाजी, बेसन आणि चिंचेचं किंवा ताकाचं आंबट असतं. आंबटामुळे लोह सुटतं, दाण्यांतून प्रथिनं येतात, पाल्यातून कॅरोटीन. वर्षातून एकदाच का करतात, हा प्रश्न आहे. साधी रोजची आवृत्ती: २० ग्रॅम तूरडाळ, ८० ग्रॅम मेथी, चमचाभर बेसन, लसणाची फोडणी, उतरवल्यावर लिंबू.

८. रुपयाला काय पडतं ते काढा

सूत्र असं: दिलेले पैसे भागिले मिळालेला घटक. समजा तूरडाळ १५० रुपये किलो आहे. ३० ग्रॅमचे साडेचार रुपये, त्यात साडेसहा ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ग्रॅमला सुमारे ७० पैसे. मेथीची जुडी समजा २० रुपयांना आणि निवडून १५० ग्रॅम. प्रथिनं साडेपाच ग्रॅम, ग्रॅमला साडेतीन रुपयांच्या वर. आता तेच कॅल्शियमसाठी करा: मेथीत ४११ मिलिग्रॅम, मिलिग्रॅमला ५ पैसे, तर डाळीत २२ मिलिग्रॅम, मिलिग्रॅमला २० पैसे.

भाव रोज बदलतात, सूत्र बदलत नाही. हिवाळ्यात जुडी पाच-दहा रुपयांवर येते तेव्हा पाला घ्या, मे महिन्यात तीच पंचवीस-तीसला जाते तेव्हा कॅल्शियमसाठी ताक-दही आणि तीळ बघा. मटकी आणि हरभरा ज्या दिवशी तूरडाळीपेक्षा स्वस्त असतील त्या दिवशी तंतू, लोह, पैसे सगळ्याच बाजूंनी उसळ जिंकते.

९. कुणी हात राखून खावं

मूतखडा झालेल्यांनी पालक, माठ, राजगिरा, चुका कमी करावेत. खायचेच तर उकडून, पाणी टाकून, आणि दही-ताकासोबत, म्हणजे ऑक्झलेट पोटातच कॅल्शियमला चिकटून बाहेर जातं. कॅल्शियम बंद करणं हा यावरचा उपाय नाही, त्याने उलट खडे वाढू शकतात. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की त्रास वाढतो, ते आधी बघा.

रक्त पातळ ठेवणारी वारफरिन किंवा ॲसेनोकुमारॉल ही औषधं चालू असतील तर पालेभाजी बंद करू नका आणि एकदम वाढवूही नका. तिच्यातलं के जीवनसत्त्व औषधाला छेद देतं, डोस तुमच्या नेहमीच्या खाण्यावर बसवलेला असतो. प्रमाण दर आठवड्याला सारखंच ठेवा.

किडनीचा आजार असेल तर डाळ आणि पाला दोन्हींतलं पोटॅशियम महत्त्वाचं ठरतं. वरचा तक्ता अशांसाठी नाही, त्यांचं पथ्य डॉक्टरांनीच ठरवायचं.

सहा महिन्यांपुढच्या बाळाचं पोट मुठीएवढं. तिथे आधी घट्ट डाळ-भात आणि तूप, पाला त्यात चमचाभर मिसळून.

१०. उन्हाळ्याचं आधीच बघा

मार्चनंतर कोरडवाहू भागात पाला दुर्मिळ होतो, म्हणून हिवाळ्यातच साठवण करायची. हरभऱ्याचे शेंडे साधारण महिन्याच्या पिकात खुडतात, करडईचा कोवळा पाला विरळणीत आयता मिळतो. शेतावर घाटेअळीची फवारणी झाली असेल तर औषधाच्या डब्यावर लिहिलेले थांबायचे दिवस उलटल्याशिवाय खुडू नका. हरभऱ्याची भाजी धुतली की आंब जाते म्हणून न धुता वाळवायची पद्धत आहे, पण फवारलेल्या शेतातली धुवायलाच हवी. आंबटपणा नंतर चिंचेने आणता येतो.

वाळवण सावलीत, वारं लागेल अशा जागी, पातळ पसरून करा. कडक उन्हात कॅरोटीन उडतं, पान पिवळं पडतं. क जीवनसत्त्व दोन्हीकडे जातंच, पण लोह, कॅल्शियम, तंतू टिकतात. १०० ग्रॅम ताज्या मेथीची १४-१५ ग्रॅम वाळलेली होते, त्यामुळे वाळलेली भाजी शिजवताना माणशी १५ ग्रॅम धरा आणि वरच्या तक्त्यातला १०० ग्रॅमचा आकडा वापरा. पान चुरून कुरकुरीत आवाज आला तरच भरणी बंद करा. देठाशी थोडी ओल राहिली तरी आठवड्यात बुरशी धरते आणि मग सगळी भरणीच टाकावी लागते.